माजघर नावाची शेड

आत्ता जिथे बसून हे वाचताय, तिथल्या भिंतीकडे जरा बघा. पैज लावते, ती ऑफ-व्हाइट असणार. फार तर क्रीम, आयव्हरी, नाहीतर ते फिकट बदामी, ज्याला शेडकार्डवर एखादं गोग्गोड फुलाचं नाव असतं. आपल्यापैकी बहुतेकांनी हा रंग निवडलेला नसतो. तो फ्लॅटबरोबर येतो, जसा बाथरूममधला गीझरचा पॉइंट येतो. बिल्डर तो देतो, कारण शंभर फ्लॅट्सना एकच रंग मारणं सोपं. घरमालक तो ठेवतो, कारण पुढच्या भाडेकरूलाही तो चालणार असतो. आणि आपण चालवून घेतो, कारण लहानपणापासून ऐकलेला फंडा... ‘पांढऱ्या रंगाने खोली मोठी दिसते.’

गेल्या काही वर्षांत मात्र भिंतींवर मातीचे रंग चढायला लागलेत. विटकरी, टेराकोटा, गेरू, कॉफी, चॉकलेटी, चिखलात जरासं हिरवं मिसळल्यासारखा ऑलिव्ह. पँटोन ही रंगांना नावं आणि नंबर देणारी अमेरिकन कंपनी दरवर्षी एक ‘कलर ऑफ द इयर’ जाहीर करते. २०१५ साली तिने ‘मार्सला’ हा वाइनकडे झुकणारा मातकट लाल निवडला होता आणि २०२५ साली ‘मोका मूस’ हा कॉफी-चॉकलेटी तपकिरी. आता कुठल्याही नव्या कॅफेत जा, एक तरी भिंत तशी सापडतेच. तिच्यासमोर बसून फोटो काढला की स्किन टोनही झक्कास येतो, ही त्यातली प्रॅक्टिकल बाजू!

मलाही तो किडा चावला. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे माझं ऑफिस माझ्या बेडरूममध्ये. ठाण्यातला भाड्याचा वन बीएचके, बेडरूम दहा बाय अकरा. दिवसाचे बारा-बारा तास त्याच चार फिक्या भिंतींकडे बघत बसायचं म्हणजे आपण एखाद्या रिकाम्या वर्ड फाइलच्या आत राहतोय असं वाटायला लागतं. घरमालक काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘करा काय करायचं ते, फक्त जाताना होता तसा पांढरा करून द्या.’ इतक्या सहज परवानगी मिळाल्यावर मी शेडकार्डवरचा एक गडद लालसर मातीचा रंग पक्का केला आणि डोंबिवलीला आईला फोन लावला.

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, ‘म्हणजे काव? चांगल्या पांढऱ्या भिंतींना तू काव फासणार? पैसे देऊन?’

त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांनी माझी पुरती विकेट काढली.

गेरू, काव, पिवडी

आईचा प्रश्न नीट समजायला आधी हा रंग येतो कुठून, ते बघायला हवं. फंडा साधा आहे. हे सगळे रंग म्हणजे माती अधिक लोखंड. लोखंड आणि ऑक्सिजन यांचं एक संयुग मातीत असलं की ती तांबडी होते, तो गेरू. त्याच लोखंडाने पाणी धरून ठेवलेलं असलं की माती पिवळी दिसते, ती पिवडी. पिवडी भाजली की पाणी उडून जातं आणि ती तांबडी होते. इटलीतल्या सिएना शहराच्या नावाने ओळखली जाणारी पिवळट माती भाजूनच ‘बर्न्ट सिएना’ तयार होतो. चित्रकलेच्या तासाला आपण ज्या ट्यूबचं नाव धड उच्चारू शकायचो नाही, तोच हा. मातीत मँगनीजही असलं की ती आणखी काळपट, तपकिरी होते. त्याला म्हणतात अंबर.

माणसाला हा रंग किती आधीपासून माहीत आहे? दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्लॉम्बोस नावाची गुहा आहे. तिथे २००८ साली दोन मोठे शिंपले सापडले. त्यांत गेरू वाटून, कालवून ठेवलेला होता. वय सुमारे एक लाख वर्षं! म्हणजे घर बांधायला शिकण्याच्या कितीतरी आधी आपण रंग कालवायला शिकलो होतो.

आणि आपल्याकडे तर काय, जागोजागी तोच आहे. अजिंठ्याच्या चित्रांमधले बहुतेक रंग मातीचे आणि दगडाचे आहेत. तांबडा, पिवळा, एक हिरवी माती, दिव्याच्या काजळीचा काळा. निळा तेवढा अफगाणिस्तानकडून येणाऱ्या महागड्या दगडाचा. वारली चित्रांची पांढरी माणसं तांदळाच्या पिठाने काढतात, पण ती नाचतात ती शेण-मातीने किंवा गेरूने सारवलेल्या भिंतीवर. ती तांबडी भिंत नसेल तर ते पांढरं पीठ दिसणारच नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या काही जुन्या देवळांमध्ये कावी कला बघायला मिळते. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव चढवायची आणि ती ओली असतानाच खरवडून आतला पांढरा चुना उघडा करत नक्षी काढायची.

तर असा हा खानदानी रंग. एक लाख वर्षांची परंपरा, अजिंठ्याचं सर्टिफिकेट. हे सगळं मी आईला फोनवर ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, ‘अजिंठ्यात कुणी चूल पेटवून रोज भाकऱ्या थापत नव्हतं.’

बोला!

आईचं माजघर

आईचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिकडे जायचे. त्या घराची मला सगळ्यात जास्त आठवते ती मधली खोली, माजघर. बाहेर ऊन मी म्हणत असायचं आणि आत पाऊल टाकलं की एकदम गार, मिट्ट काळोख. डोळ्यांना सरावायला दोन मिनिटं लागायची. मग हळूहळू वस्तू उगवायच्या. कोनाड्यातला डबा, दोरीवरची लुगडी, कोपऱ्यात पेंढ्यात घातलेली आंब्यांची अढी. सारवलेल्या तांबूस भिंतीला पाठ टेकून बसलं की थंडावा शर्टातून आत यायचा. दुपारभर तिथे लोळत मी पुस्तकं वाचलीत, दाराशी येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात. शेडकार्डवरचा तो रंग मला का आवडला, हे मला पक्कं माहीत होतं. मला माझ्या दहा बाय अकराच्या खोलीत मे महिन्यातली ती दुपार हवी होती.

आईचं माजघर वेगळं होतं. खोली तीच, पण ती तिथे सुट्टीत गेली नव्हती, तिथेच वाढली होती. शेजारच्या स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर आधी माजघरात यायचा. पावसाळ्यात लाकडं ओली, म्हणजे धूर दुप्पट. एकच लहानशी खिडकी, तीही पावसाची झड आत येते म्हणून चार महिने बंद. बायकांचं सगळं आयुष्य त्या खोलीत. निवडणं, टिपणं, जेवणं, दुखणी, बाळंतपणं. उजेडाची जागा म्हणजे ओटी, आणि ओटीवर पुरुषमाणसं बसलेली असायची. अभ्यासाला आई पडवीच्या कडेला बसायची. दिवस मावळला की अभ्यास संपला, नाहीतर मग रॉकेलची चिमणी. ती सातवीत असताना घरात वीज आली. पहिला बल्ब ओटीवर लागला. माजघरात बल्ब यायला आणखी दोन वर्षं गेली.

म्हणून लग्न होऊन डोंबिवलीला आल्यावर तिला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर ट्यूबलाइट. आमच्या घरात आजही संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ट्यूब लागते, सगळ्या खोल्यांत. भिंती कायम फिकट. दर तीन-चार वर्षांनी रंग काढायचा, आणि रंग काढायचा म्हणजे पांढराच. भिंतीवर माझ्या क्रेयॉनची रेघ उठली की आई ओल्या फडक्याने पुसत बसायची. मला वाटायचं ही सफाईची हौस आहे. आता वाटतं, ती उजेडाला जपत होती.

मामाने २००९ साली जुनं घर पाडून स्लॅबचं घर बांधलं. भिंतींना पोपटी रंग, जमिनीला चकचकीत टाइल्स, प्रत्येक खोलीला दोन खिडक्या. मी हळहळले होते. आईला भारी आनंद झाला होता.

गडद मातकट रंगाचं सोशल गणित असं उलटंपालटं आहे. गावाकडे भिंतीच्या खालच्या भागाला काव लावायचे, कारण पावसाचे शिंतोडे, पायांची धूळ, पाठीचं तेल तिथे लागणारच आणि काव ते पोटात घालते. पांढरं ठेवणं परवडत नव्हतं. शहरात आलेल्या पिढीने कष्टाने पांढरं मिळवलं. आणि आता त्यांची मुलं जास्तीचे पैसे मोजून पुन्हा काव लावतायत. आईच्या ‘पैसे देऊन?’मध्ये हे सगळं होतं.

मी रंग कॅन्सल केला नाही. पण आता तो कसाबसा उरकून चालणार नव्हता. ती खोली अशी व्हायला हवी होती की आईला तिथे धुराची आठवण येऊ नये.

‘मॅडम, रूम छोटा दिखेगा’

तर आता कामाच्या गोष्टी. तुमच्याही डोक्यात हा किडा असेल तर हा भाग कापून ठेवा.

पहिली गोष्ट, पावसाळ्यात घाई नको. भिंतीत ओल असेल तर लोणा धरतो, म्हणजे क्षार बाहेर येतात. पांढऱ्या भिंतीवर तो एकवेळ लपतो. गडद भिंतीवर मात्र पांढऱ्या नकाशासारखा उठून दिसतो. म्हणून मी दिवाळी होईपर्यंत थांबले.

दुसरी, शेडकार्डवर विसंबू नका. दोन इंचाचा चौकोन आणि दहा फुटांची भिंत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सॅम्पलचा लहान डबा आणा, मोठ्या ड्रॉइंग पेपरवर दोन हात मारा आणि तो कागद एकेक दिवस वेगवेगळ्या भिंतीला चिकटवा. माझ्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे. सकाळी तोच रंग कोरड्या विटेसारखा दिसायचा, दुपारी चारनंतर पेटल्यासारखा, रात्री तिसराच. मी तीन शेड्स असे आठवडाभर फिरवले आणि त्यातला मधला घेतला.

तिसरी, एक आकडा माहीत असू द्या. रंग पडलेल्या उजेडापैकी किती परत टाकतो, ते शून्य ते शंभरच्या मोजपट्टीवर मोजतात. शून्य म्हणजे काळाकुट्ट, शंभर म्हणजे शुभ्र. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला एलआरव्ही म्हणतात आणि बऱ्याच कंपन्या तो आकडा शेडबरोबर देतात. क्रीम, आयव्हरी मंडळी साधारण पंच्याहत्तरच्या वर असतात. गडद मातकट रंग दहा ते पंचवीसच्या घरात. म्हणजे खोलीत येणाऱ्या उजेडातला बराचसा भिंत पिऊन टाकते. त्यामुळे एकाच दिव्यावर भागवायचं म्हटलं तर खोली खरंच अंधारी होणार. इथे आई शंभर टक्के बरोबर होती.

चौथी, खर्च आणि कष्ट जास्त. दुकानातलं मशीन डब्यातल्या बेसमध्ये रंग मिसळतं. फिकट शेडच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी पूड भरपूर असते आणि मागचा रंग झाकायचं काम मुख्यतः तीच करते. गडद शेडच्या बेसमध्ये ती फारच कमी, काहींत जवळपास नाहीच. मग जुना पांढरा खालून डोकावत राहतो. त्यावर उपाय म्हणजे आधी करड्या छटेचा प्रायमर आणि वर रंगाचे दोनऐवजी तीन हात. माझ्या खोलीच्या भिंती दारं-खिडक्या वगळून सुमारे ३३० चौरस फूट भरल्या आणि चार लिटर रंग लागला. मजुरी, प्रायमर धरून साडेनऊ हजार रुपये.

पाचवी, फिनिश मॅटच घ्या. चकचकीत गडद रंगात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. पण मॅटवर हात घासले की डाग पडतात, त्यामुळे स्विचबोर्डपाशी आणि पलंगाच्या डोक्याशी काळजी घ्या. उरलेला रंग डबा घट्ट बंद करून ठेवा. पुढे मागे ठिगळ लावायची वेळ आली तर त्याच डब्यातला बरा. दुसऱ्यांदा मिसळलेला थोडा तरी वेगळा उठतो.

पेंटर भैयांचं मत पहिल्या हातानंतरच आलं. ‘मॅडम, रूम छोटा दिखेगा. एक दीवार कर लो, बाकी क्रीम.’ हा सल्ला तुम्हालाही मिळणार, तयार राहा. माझा अनुभव सांगते. एकच भिंत गडद केली की नजर तिथे जाऊन आदळते आणि ती भिंत पुढे आल्यासारखी वाटते. चारही भिंती एका रंगाच्या केल्यावर कोपरे विरघळतात. संध्याकाळी खोली कुठे संपते, हे चटकन कळत नाही. छत मात्र मी पांढरं ठेवलं, कारण वर फेकलेला उजेड परत खाली यायला हवा होता. तिसऱ्या हातानंतर भैया दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘गाँव में हमारा घर ऐसाच है.’ मला वाटलं आता कौतुक येणार. ते म्हणाले, ‘अभी पक्का बना रहे हैं.’

म्हणजे तिकडेही तेच!

दिव्यांची फौज

रंग झाला आणि रात्री ट्यूब लावली. खोली एखाद्या बंद पडलेल्या पोस्ट ऑफिससारखी दिसायला लागली. हे होणार, हे सॅम्पल फिरवतानाच लक्षात आलं होतं, त्यामुळे मी दिव्यांचा बंदोबस्त आधीच करून ठेवला होता.

आपल्याकडची टिपिकल एलईडी ट्यूब ६५०० केल्विनची असते, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची. मातीचे रंग हे लाल-पिवळ्या खानदानातले. त्यांच्यावर निळसर उजेड पडला की त्यांचा जीवच जातो, ते मेलेल्या चिखलासारखे दिसतात. त्यांना २७०० ते ३००० केल्विनचा, जुन्या पिवळ्या बल्बसारखा उजेड लागतो. आणि तो एका जागी नको, तीन-चार जागी विखुरलेला हवा. मी एक उभा लँप कोपऱ्यात ठेवला, तोंड छताकडे करून. एक टेबलावर. एक पलंगाशी, वाचायला. आणि एक लहानसा दिवा भिंतीच्या अगदी जवळ, खालून, जेणेकरून भिंतच उजळून निघेल. ट्यूब काढली नाही. सुई शोधायची असते तेव्हा पिवळ्या उजेडाचं काव्य उपयोगाचं नसतं.

जुनिचिरो तानिझाकी या जपानी लेखकाने १९३३ साली सावल्यांच्या कौतुकावर एक निबंध लिहिला होता. झगझगीत विजेच्या दिव्यांमुळे जपानी घरातल्या अंधुक उजेडाची मजा जाते, अशी त्याची तक्रार. सौंदर्याबद्दल बोलणाऱ्यांचा तो अतिशय लाडका निबंध आहे, आणि आहेही सुंदर. पण तो वाचताना मला सारखं वाटत राहिलं की या अंधुक स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला कोण बसलं असेल?

बटण

पुढच्या रविवारी आई आली. संध्याकाळ होती, खोलीत फक्त कोपऱ्यातला लँप लावलेला. ती दारातच थांबली. आत आली नाही. तिचा हात सवयीने दाराशेजारच्या बोर्डवर गेला आणि तिने ट्यूब लावली. चारही भिंती बघितल्या. मग ट्यूब बंद केली. पुन्हा लावली. पुन्हा बंद केली. मी काही बोलले नाही.

‘बटण आहे,’ ती म्हणाली. ‘आमच्याकडे बटण नव्हतं ना बाय.’

मग ती आत आली आणि पलंगावर बसली.

चहा पिताना तिने विचारलं, ‘किती घेतले?’ मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. मग तिने मला काव कशी करतात ते सांगितलं. चांगली तांबडी माती सगळीकडे मिळत नाही. त्यांच्या घराच्या मागे, वरच्या अंगाला एक जागा होती, तिथून पाटीतून आणायची. घमेल्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, खडा राहता कामा नये. मग पोतेरं बुडवून भिंतीवर हात फिरवायचा, एकाच दिशेने. आजीचा हात इतका सफाईदार होता की पोतेऱ्याची रेघ दिसायची नाही. आईचा आणि मावशीचा दिसायचा, म्हणून त्यांना मागची भिंत. दरवर्षी गणपतीच्या आधी. हाताची नखं पंधरा दिवस तांबडी राहायची आणि शाळेत सगळ्याच मुलींची तशी असायची.

हे तिने मला आजवर कधीच सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. आमच्याकडे माजघराच्या गोष्टी माझ्या बाजूने आंब्यांच्या असायच्या आणि तिच्या बाजूने नसायच्याच.

तिला खोली आवडली का? मी विचारलं. ती म्हणाली, ‘तुझी आहे. तुला शोभते.’ आई लोकांच्या भाषेत याचे दहा अर्थ होतात, मी त्यातला बरा निवडला. रात्री ती तिथेच झोपली. झोपण्याआधी पलंगाशेजारच्या दिव्यात तिने पेपर वाचला, भिंतीला पाठ टेकून. मध्येच भिंतीवरून तळहात फिरवला आणि तो उलटा करून बघितला. रंग लागला नव्हता.

मला वाटतं, गडद भिंतींबद्दल खरी गोष्ट आईने त्या दोन शब्दांत सांगितली. अंधार ज्याला हवा तेव्हा घालवता येतो, त्याला तो उबदार वाटतो, कोझी वाटतो. त्याचे फोटो निघतात, त्यावर निबंध लिहिले जातात. ज्याला तो घालवता येत नाही, त्याच्यासाठी ती नुसती गैरसोय असते. माझ्या खोलीतला काळोख मी निवडलाय, कारण तो न निवडण्याची सोय आईने, तिच्या त्या सहाच्या ठोक्याला लागणाऱ्या ट्यूबने, माझ्यासाठी करून ठेवली. त्यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. फक्त बिल कुणी भरलंय, ते माहीत असावं.

जाताना पांढरं

तर लावा बिनधास्त. विटकरी लावा, कॉफी लावा, ऑलिव्ह लावा. फक्त घरात कुणी मोठं माणूस असेल आणि ते ‘अंधार होईल गं’ म्हणालं, तर लगेच पँटोन आणि इन्स्टाग्राम त्यांच्या तोंडावर मारू नका. चहा टाका आणि त्यांच्या लहानपणी भिंतींना काय लावायचे ते विचारा. रंगाच्या दुकानातल्या माणसापेक्षा त्यांना जास्त माहीत असण्याची शक्यता आहे. आणि दिवे एकदोन जास्तच घ्या.

भाड्याच्या घरात हे सगळं करून पुन्हा पांढरं करून द्यायचं, मग उपयोग काय, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. माझं अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट ऑगस्टमध्ये संपतंय. रिन्यू झालं तर ठीक, नाही झालं तर आधी प्रायमर आणि वर पांढऱ्याचे दोन-तीन हात, म्हणजे आणखी सात-आठ हजारांना फोडणी. हिशेब केला की पोटात गोळा येतो.

परवा फोनवर आईपाशी हेच रडगाणं गायले. ती म्हणाली, ‘त्यात काय एवढं? आमची काव कुठे वर्षभर टिकायची? पावसात निम्मी वाहून जायची. गणपतीच्या आधी पुन्हा घमेलं घ्यायचं.’ आणि मग जरा थांबून, ‘नव्या घरात लावणार असशील तर आधी सांग. एक भिंत मी करते. बघू हात राहिलाय का.’